विन्स्टन चर्चिल, पण तो नव्हे!

मक्याचं कणीस

राम राम मंडळी,

गेल्या शनिवारी आमच्या इथल्या वाचनालयाने जुनी पुस्तकं विकायला काढली होती. खोक्याच्या भावात. ५ डॉलर टाका, खोकं उचला, आत काय निघेल ते तुमचं नशीब. मी इंडियानात राहतो. इथल्या लोकांच्या आज्या-पणज्यांची माळ्यावरची पुस्तकं शेवटी वाचनालयाच्या तळघरात येतात आणि तिथून खोक्यात जातात.

माझ्या खोक्यात १९ निघाली. दोन बायबलं, एक लोणच्या-मुरांब्यांचं, बाकी सगळ्या कादंबऱ्या, बहुतेक १९०० ते १९१५ च्या. कापडी बांधणी, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं रंगीत चित्र. टोपीवाली मुलगी, घोडा, मागे डोंगर. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कोपरा हातात येतो. एकाच्या कोऱ्या पानावर शाईने 'नाताळ १९१३' आणि खाली कुणा मावशीची सही. पुस्तकाचं नाव 'द क्रायसिस', लेखक विन्स्टन चर्चिल.

म्हटलं, आयला, चर्चिलने अमेरिकेच्या यादवी युद्धावर कादंबरी कधी लिहिली?

तर तो चर्चिल हा नव्हेच. हा सेंट लुइसचा, जन्म १८७१, म्हणजे ब्रिटिश चर्चिलपेक्षा तीन वर्षांनी मोठा. अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत शिकला, पण नौदलात रमला नाही, लिहायला बसला. १८९९ साली त्याची 'रिचर्ड कार्व्हेल' आली आणि तुफान खपली. पुढचं ऐका. १९०१, १९०४, १९०६, १९०८ आणि १९१३, या पाचही वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेली कादंबरी याची. 'द क्रायसिस', 'द क्रॉसिंग', 'कॉनिस्टन', 'मिस्टर क्रूज करिअर', 'द इनसाइड ऑफ द कप'. शेजारच्या बाई आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवत होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं ना?" मिळालं, १९५३ साली. दुसऱ्याला.

दोघांचा पत्रव्यवहार तर भन्नाट आहे. जून १८९९ मध्ये लंडनच्या चर्चिलने अमेरिकन चर्चिलला पत्र टाकलं. सगळं तृतीयपुरुषी. श्री. विन्स्टन चर्चिल यांचा श्री. विन्स्टन चर्चिल यांना नमस्कार वगैरे. मतलब असा, की कादंबरीबद्दल लोक माझं अभिनंदन करायला लागले तेव्हा आधी मला वाटलं माझंच काहीतरी छापून आलंय, मग तुमच्या पुस्तकाचा शोध लागला. घोटाळा नको म्हणून मी यापुढे 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करीन. अमेरिकन चर्चिलने तशाच थाटात उत्तर धाडलं, की आभारी आहे, मला मधलं नाव असतं तर मीही लावलं असतं. यातली गंमत अशी, की तेव्हा प्रसिद्ध होता तो अमेरिकन. नाव बदलायची पाळी आली ती दुसऱ्यावर.

डिसेंबर १९०० मध्ये ब्रिटिश चर्चिल व्याख्यानं द्यायला बोस्टनला गेला तेव्हा दोघं भेटले. अमेरिकनाने जोरदार जेवण दिलं. ब्रिटिश चर्चिलने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की माझी टपाल सगळी त्याच्या पत्त्यावर गेली आणि जेवणाचं बिल माझ्याकडे आलं!

तर प्रश्न असा, की या काळातल्या या खपाऊ कादंबऱ्या इथे कुणी वाचल्यात का? खोक्यातली बाकी नावं: मेरी जॉन्स्टन, जीन स्ट्रॅटन-पोर्टर, हॅरल्ड बेल राइट (याची दोन), झेन ग्रे (तीन), जॉर्ज बार मॅककचन, मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट.

चिंचोका

थोडक्यात, शंभर वर्षांपूर्वीचं विमानतळावरचं साहित्य. तेव्हा विमानतळ नव्हते म्हणून खोक्यात.

बाकी ब्रिटिश चर्चिलनेही एक कादंबरी लिहिली आहे, 'साव्हरोला'. बंगळूरला लष्करात असताना वेळ जात नव्हता म्हणून. मित्रांना 'वाचू नका' असं सांगायचा. त्याचं ऐकावं.

रातकिडा

थांबा थांबा! मॅककचनचं कुठलं आहे? 'ब्रूस्टर्स मिलियन्स' असेल तर ती कादंबरी या धाग्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. फक्त वाचून नाही.

'मालामाल' आठवतो का, १९८८ चा? नसीरुद्दीन शाह, सतीश शाह. ३० दिवसांत ३० कोटी उडवायचे, कुणाला सांगायचं नाही, शेवटी खिशात दमडी उरता कामा नये, तरच खरी इस्टेट हातात. आमच्या सोसायटीत व्हिडिओ भाड्याने आणून दोनदा बघितला होता. त्याच गोष्टीवर रजनीकांतचा 'अरुणाचलम' (१९९७). त्याच्याही आधी, १९५४ साली, तेलुगूत 'वद्दंटे डब्बू'. हॉलिवूडवाल्यांनी किती वेळा केला त्याची मोजदादच नको.

मूळ पुस्तक १९०२ चं. माँटी ब्रूस्टरला आजोबांकडून १० लाख डॉलर मिळतात. लगेच मामा वारतो आणि मृत्युपत्रात ७० लाख ठेवून जातो. अट एकच, २६ व्या वाढदिवशी भाचा कफल्लक असला पाहिजे, आजोबाचा एक पैसा त्याच्याकडे राहता कामा नये. कारण मामाचा त्या म्हाताऱ्यावर दात. बहिणीला त्याने वाईट वागवलेलं असतं. आपल्या सिनेमांत हा सूडाचा भाग पातळ झाला आणि खर्चाची धमाल तेवढी राहिली. पण पुस्तकात मामाचा राग हीच खरी किल्ली आहे.

मक्याचं कणीस

@रातकिडा, अगागा! 'ब्रूस्टर्स'च आहे. मी 'मालामाल' पाहिलाय आणि तरी टोटल लागली नाही.

आता माझी फजिती ऐका. मी पर्ड्यूला शिकत असताना दोन वर्षं मॅककचन हॉल नावाच्या वसतिगृहात राहिलो. हे कोण गृहस्थ, असं एकदाही डोक्यात आलं नाही. परवा खोकं उघडल्यावर शोधलं. हॉल या लेखकाच्या धाकट्या भावाच्या नावाचा आहे, जॉन मॅककचन, व्यंगचित्रकार, पुढे १९३२ चं पुलित्झर मिळालेला. दोघं भाऊ इथलेच, लफायेतच्या आसपासचे. थोरल्याने पहिली कादंबरी 'ग्रॉस्टार्क' (१९०१) प्रकाशकाला ५०० डॉलरला कायमची विकून टाकली होती. ती धो-धो खपली. 'ब्रूस्टर्स' मग त्याने रिचर्ड ग्रीव्ह्ज या टोपणनावाने काढली. ती पण खपली. म्हणजे नावावर खपत नव्हतं हे सिद्ध झालं.

पाटकरी

धागा आवडला. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, कादंबऱ्या फारशा वाचत नाही. पण हॅरल्ड बेल राइट हे नाव वाचून थबकलो. त्यांची 'द विनिंग ऑफ बार्बरा वर्थ' आपल्या खोक्यात आहे का? नोकरीत असताना एका जुन्या इंग्रजी तांत्रिक पुस्तकात कोलोरॅडो नदी फुटल्याच्या प्रकरणात या कादंबरीचा उल्लेख तळटीपेत होता. कालव्यावर कादंबरी असू शकते, याचे तेव्हा नवल वाटले होते.

मक्याचं कणीस

@पाटकरीकाका, आहे! १९११ ची. मुखपृष्ठावर बाई आणि वाळवंट. तुम्ही प्रकरण सांगा ना नीट, मी अजून उघडलेली नाही.

दोन आण्याचं दुकान

जुनी पुस्तकं गोळा करतो म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, तुमची प्रत बहुधा पहिल्या आवृत्तीची नाही. आतल्या पानावर 'ग्रॉसेट अँड डनलॅप' असेल बघा. नवी कादंबरी तेव्हा दीड डॉलरला यायची. वर्ष-दोन वर्षं पहिला जोर ओसरला की हे लोक मूळ प्रकाशकाकडून छपाईच्या पत्रे-प्लेटा घ्यायचे आणि हलक्या कागदावर तीच कादंबरी ५० सेंटला काढायचे. शेवटच्या पानांवर जाहिराती असतील, 'जिथे पुस्तकं मिळतात तिथे आमची यादी मागा' अशा. तुमच्या मावशीबाईंनी १९०१ चं पुस्तक १९१३ च्या नाताळात भेट दिलं ते यामुळेच. खरा खप असा दुसऱ्या फेरीत होता, आणि तो सर्वाधिक खपाच्या याद्यांत दिसत नाही.

दोन, या याद्या. १८९५ साली न्यूयॉर्कच्या 'बुकमन' मासिकाने सुरुवात केली. गावोगावच्या पुस्तकविक्रेत्यांकडून, तुमच्याकडे सर्वात जास्त मागणी असलेली सहा पुस्तकं क्रमाने कळवा, असं मागवायचं. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ८, मग ७, ६, ५, ४. बेरीज करून महिन्याची यादी. एकाही प्रतीची मोजणी नाही! दुकानदाराच्या आठवणीवर आणि, काय सांगावं, गोदामात अडकलेला माल उठवायच्या इच्छेवरही. 'पब्लिशर्स वीकली'ची वार्षिक यादी पुढे आली.

आणि १८९५ च का, त्यालाही कारण आहे. १८९१ पर्यंत अमेरिकेत परदेशी लेखकाला कॉपीराइटच नव्हता. इंग्लंडची कादंबरी बोटीतून उतरली की चोरून छापायची, दहा-वीस सेंटला विकायची. लेखकाला मानधन द्यायचं नाही, मग स्वदेशी लेखक कोण छापतो? १८९१ च्या कायद्याने ही फुकटेगिरी थांबली. डिकन्सच्या देशाशी टक्कर द्यायला अमेरिकन लेखकाला पहिल्यांदा सपाट मैदान मिळालं.

चिंचोका

१८९५ म्हणजे आपलं 'मासिक मनोरंजन' सुरू झालं ते साल. का. र. मित्रांनी सहा पुस्तकांची यादी मागवली असती तर काय आलं असतं कोण जाणे.

दोन आण्याचं दुकान

यादीत पहिलं पंचांग आलं असतं.

सांजसावली

छान चाललंय, पण खपाच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. मी इंग्रजी साहित्य शिकवते, म्हणून ही राहवत नाही.

१९०० साली पहिल्या क्रमांकावर होती मेरी जॉन्स्टनची 'टू हॅव अँड टू होल्ड'. १६२१ चं व्हर्जिनिया, जहाजातून लग्नासाठी आणलेल्या मुली, १२० पौंड तंबाखू मोजली की बायको मिळते. नायकाला मिळते ती राजाची पाल्य, पळून आलेली. पुढे तलवारी, चाचे, विष, सगळं. वाचताना ठेवावीशी वाटत नाही, हे कबूल. त्याच वर्षी थिओडोर ड्रायझरची 'सिस्टर कॅरी' आली. प्रकाशकालाच ती नकोशी झालेली. १००८ प्रती छापल्या, ४५६ खपल्या. ड्रायझरच्या हातात आले ६८ डॉलर ४० सेंट. आज अभ्यासक्रमात कोण आहे ते सांगायला नको.

पण 'खपतं ते टाकाऊ' असं सूत्रही बसत नाही. १९०५ ला ईडिथ व्हॉर्टनची 'द हाउस ऑफ मर्थ' आली ऑक्टोबरात, आणि वर्ष संपेपर्यंत १,४०,००० प्रती छापून झाल्या. कर्जात बुडत जाणाऱ्या, लग्नाच्या बाजारात हळूहळू भाव उतरत जाणाऱ्या मुलीची इतकी थंड डोक्याने लिहिलेली गोष्ट, आणि लोकांनी ती रांगा लावून घेतली. @चिंचोका, ही तुमच्या विमानतळावर ठेवाल का?

आणि मेरी जॉन्स्टनला चाच्यांवर सोडून देऊ नका. त्या पैशावर ती स्वतंत्र राहिली, आणि १९०९ मध्ये व्हर्जिनियात स्त्रियांच्या मताधिकारासाठी जी संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांत ती होती. १९१३ साली तिने 'हेगर' ही सरळ स्त्रीवादी कादंबरी लिहिली, तेव्हा तलवारीवाल्या वाचकांनी पाठ फिरवली.

चिंचोका

व्हॉर्टनबाईंना बिझनेस क्लासच्या लाउंजमध्ये ठेवू. माघार.

पण मला एक सांगा, 'द जंगल' याच काळातली ना? त्या सिंक्लेअर लुईसलाच पुढे नोबेल मिळालं.

सांजसावली

नाही हो! 'द जंगल' अप्टन सिंक्लेअरची. नोबेल सिंक्लेअर लुईसला, १९३०, अमेरिकेचं पहिलं साहित्यातलं. त्याची 'मेन स्ट्रीट' १९२१ च्या यादीत पहिली. दरवर्षी निम्मा वर्ग पेपरात हीच चूक करतो, तुम्ही एकटे नाही.

त्यातली मजा म्हणजे हे दोघं एकदा एका छपराखाली होते. 'जंगल'च्या पैशातून अप्टनने न्यू जर्सीत इंगलवूडला 'हेलिकॉन हॉल' नावाची सहजीवन वसाहत काढली. १९०६ मध्ये कॉलेज अर्धवट सोडून आलेला लुईस तिथे भट्टीत कोळसा घालायच्या कामावर होता. मार्च १९०७ मध्ये ती वास्तू जळाली. (लुईस त्याआधीच गेला होता, शंका नको.)

रातकिडा

दोन चर्चिल, दोन सिंक्लेअर. भर घालतो: जीन स्ट्रॅटन-पोर्टर, 'पॉलीअ‍ॅना'वाली एलिनॉर पोर्टर, आणि ओ. हेन्रीचं खरं नाव विल्यम सिडनी पोर्टर. तिघेही त्याच दहा-पंधरा वर्षांतले, एकमेकांचे कुणी नव्हेत.

सांजसावली

'जंगल'चं थोडं लिहिते, कारण पुस्तकाने कायदा झाला असं आपण नेहमी ऐकतो, आणि इथे ते खरं आहे. अप्टन सिंक्लेअर १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे फिरला. मळके कपडे आणि हातात डबा, की कुठेही जाता येतं, कुणी विचारत नाही. कादंबरी आधी 'अपील टु रीझन' या समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली. फेब्रुवारी १९०६ ला पुस्तक. नायक युर्गिस, लिथुआनियातून आलेला धट्टाकट्टा मजूर. सुरुवात त्याच्या लग्नाच्या जेवणावळीने होते, आणि पाहुणे खाऊन-पिऊन आहेर न करताच सटकतात. त्या पहिल्या प्रकरणातच कर्ज सुरू होतं. पुढे घर जातं, बायको जाते, मूल जातं.

वाचकांनी काय वाचलं? सॉसेजमध्ये उंदीर. ३० जून १९०६ ला मांस-तपासणीचा आणि अन्न-औषध शुद्धतेचा असे दोन्ही कायदे झाले. मजुरांच्या वाट्याला काही आलं नाही. मी लोकांच्या काळजावर नेम धरला आणि चुकून पोटात लागला, असं तो स्वतःच म्हणाला.

त्या वर्षीच्या यादीत 'जंगल' सहावी. पहिली 'कॉनिस्टन', आपल्या धागाकर्त्यांचे चर्चिल.

मक्याचं कणीस

बरोबर, आणि 'कॉनिस्टन'ही तशी राजकीयच आहे. न्यू हॅम्पशरमध्ये रेल्वे कंपनी विधानसभा कशी खिशात ठेवते, आणि जेथ्रो बास नावाचा एक गावठी पुढारी कुठलंही पद न घेता राज्य कसं चालवतो, त्याची गोष्ट. हा जेथ्रो वाचताना मला आमच्या जिल्ह्यातला एक साखरसम्राट दिसत होता, नाव नको. लिहून चर्चिल थांबला नाही. त्याच १९०६ साली राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागायला उभा राहिला. हरला. १९१२ ला थिओडोर रूझवेल्टच्या नव्या पक्षाकडून परत. परत हरला.

हळदीकुंकू

रोमात (नुसती वाचत) होते, पण राहवलं नाही. सगळ्यांनी गोड गोड लिहिलंय. १९०५ च्या यादीत चौथी कुठली होती ते कुणीच बोलत नाही? टॉमस डिक्सनची 'द क्लॅन्समन'.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, डिक्सन इथलाच, बाप्टिस्ट धर्मोपदेशक. यादवी युद्धानंतरच्या काळावरची गोष्ट, त्यात काळे लोक पशू आणि त्यांच्यावर दहशत बसवणारी गोऱ्यांची गुप्त संघटना, कु क्लक्स क्लान, तारणहार. १९१५ साली त्यावर ग्रिफिथने 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा सिनेमा काढला, व्हाइट हाउसमध्ये त्याचा खेळ झाला. डिक्सन आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन एकेकाळचे सहाध्यायी. त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर मेलेली क्लान नव्याने उभी केली गेली, पेटता क्रूस लावून. आणि हे लक्षात घ्या, की मूळ क्लान क्रूस जाळतच नव्हती. ती कल्पना कादंबरीतली! पुढची कित्येक दशकं माणसं ज्या खुणेने घराबाहेर पडायला घाबरली, ती एका खपाऊ लेखकाने कथानकासाठी योजलेली होती.

आणि याच राज्यातल्या विल्मिंग्टनला १८९८ मध्ये गोऱ्यांच्या जमावाने निवडून आलेलं सरकार उलथवलं, काळ्यांची कत्तल केली. त्यावर चार्ल्स चेस्नट या कृष्णवर्णीय लेखकाने १९०१ साली 'द मॅरो ऑफ ट्रॅडिशन' लिहिली. ती चालली नाही. चार वर्षांनी आणखी एक कादंबरी पडली आणि त्याने लेखणीवर पोट भरायचा नाद सोडला.

सांजसावली

@हळदीकुंकू, धन्यवाद. हे मी लिहायला हवं होतं, टाळलं.

मक्याचं कणीस

मीही. खोक्यात 'क्लॅन्समन' नाही, पण असती तर पहिल्या पोस्टीत तिचं नाव घेतलं असतं का, सांगता येत नाही.

तुमच्या प्रतिसादावरून एक लक्षात आलं. विल्सन १९१३ पासून उन्हाळ्यात ज्या घरी राहायला जायचे, ते कॉर्निश गावचं हार्लाकेंडन हाउस चर्चिलचं. भाड्याने दिलेलं. म्हणजे एका खपाऊ लेखकाच्या बंगल्यात उन्हाळा आणि दुसऱ्याचा सिनेमा दिवाणखान्यात.

शिळोप्याचा

झेन ग्रे कुणी घेतलाच नाही अजून? सत्तरच्या दशकात फोर्टच्या फूटपाथवर 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' मी आठ आण्याला घेतली होती, पहिली १२ पानं नव्हती. ती पानं आजतागायत वाचलेली नाहीत आणि काही अडलंही नाही.

हा माणूस दंतवैद्य होता. न्यूयॉर्कमध्ये दात उपटायचा आणि रात्री लिहायचा. नशीब काढलं १९१२ मध्ये 'रायडर्स'ने. पण वार्षिक यादीत पहिला आला तो १९१८ आणि १९२० ला, ज्या पुस्तकांनी आला ती मला तरी आवडत नाहीत. घोडा दिसला की दोन पानं सूर्यास्त. काऊबॉयला देव करायचं काम त्याच्या आधी ओवेन विस्टरच्या 'द व्हर्जिनियन'ने केलं, १९०२ ची पहिली. पत्त्यांच्या डावात कुणी शिवी दिली तर पिस्तूल टेबलावर ठेवून 'मला तसं म्हणताना हसायचं' म्हणणारा नायक. आपल्या कितीतरी हिंदी नायकांचा तो आजोबा लागतो.

पाटकरी

आठ दिवस लागले, पण 'बार्बरा वर्थ' संगणकावर पूर्ण वाचली. जुनी असल्याने फुकट मिळाली. डोळे दुखले.

आधी खरे प्रकरण सांगतो. दक्षिण कॅलिफोर्नियात समुद्रसपाटीच्याही खाली असलेला एक प्रचंड कोरडा खळगा आहे. एका खासगी कंपनीने १९०१ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी तिथे कालव्याने नेले. जमीन सोन्यासारखी, हजारो लोक वसले. पण कोलोरॅडो म्हणजे गाळाची नदी. १९०४ पर्यंत कालव्याचे तोंड गाळाने भरले. पिके वाळू लागली म्हणून कंपनीने मेक्सिकोच्या हद्दीत नदीच्या काठाला नवा काप घेतला, आणि त्यावर हेड रेग्युलेटर बांधलाच नाही. दार नाही! पैसे वाचवले. १९०५ मध्ये पुरामागून पूर आले, काप रुंदावत गेला आणि अखेर सगळी नदीच त्या खळग्यात वळली. आजचा सॉल्टन समुद्र तो हाच. सदर्न पॅसिफिक रेल्वेने रूळ टाकून वाघिणींतून दगड ओतले. एकदा बुजवले, पुन्हा फुटले, शेवटी फेब्रुवारी १९०७ मध्ये नदी परत पात्रात गेली. आमच्याकडे कालव्याच्या तोंडाशी दार न बसवता कोणी पाणी सोडले असते तर शाखा अभियंता दुसऱ्या दिवशी घरी बसला असता.

आता कादंबरी. राइटसाहेब आधी धर्मोपदेशक होते, नंतर त्याच खोऱ्यात शेतावर राहून हे लिहिले, त्यामुळे धूळ, तहान, गाळ, सर्व अस्सल. सुरुवात उत्तम आहे. वाळवंटात तहानेने मेलेली आई आणि शेजारी जिवंत राहिलेली पोर. ती बार्बरा. तिला वाढवणारा सावकार भांडवल हे सेवेसाठी असते असे मानतो, आणि न्यूयॉर्कची कंपनी बांधकामात काटकसर करते. खलनायक कोण, तर खर्च कमी करा म्हणणारा वरिष्ठ. हे वाचून मी खुर्चीतून उठून एक फेरी मारली. ३१ वर्षे अशा शेऱ्यांच्या फायली पाहिल्या आहेत.

प्रेमप्रकरणाची पाने सोडली. दोन अभियंत्यांपैकी कोणाशी लग्न होणार, हे तिसाव्या पानावर कळते.

रातकिडा

काका _/\_. १९२६ च्या मूकपटात त्यातला न जिंकणारा अभियंता गॅरी कूपर होता, त्याची पहिली मोठी भूमिका. लोकांनी हरलेल्याकडेच बघितलं.

दोन आण्याचं दुकान

राइटच्या बाबतीत अजून एक. याचं नाव न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी कायम नाक मुरडूनच घेतलं, कारण पुस्तकं त्यांच्या दारावरून जातच नव्हती. प्रकाशक शिकागोची बुक सप्लाय कंपनी, टपालाने धंदा करणारी. खेड्यात घरपोच टपाल सुरू झालेलं, शेतकरी कॅटलॉगवरून नांगर मागवायचा तसं पुस्तकही मागवायचा. 'द शेपर्ड ऑफ द हिल्स' (१९०७) वाचून लोक मिसुरीच्या ओझार्क डोंगरांत गोष्टीतली घरं बघायला जायला लागले. आजचं ब्रॅन्सन हे पर्यटनाचं गाव त्यातून उभं राहिलं.

मक्याचं कणीस

आणि उलटंही झालंय. जीन स्ट्रॅटन-पोर्टरने आमच्या इंडियानातल्या लिंबरलॉस्ट दलदलीवर 'फ्रेकल्स', 'अ गर्ल ऑफ द लिंबरलॉस्ट' लिहिल्या. १९१२ ची पहिली, 'द हार्वेस्टर', तिचीच. बाई गुडघाभर चिखलात उभी राहून पक्ष्यांचे फोटो काढायची, पतंग पाळायची. प्रकाशकाशी तिचा सौदा असा, की एक कादंबरी देईन, पण एक निसर्गाचं पुस्तकही छापायचं. लाखो लोकांनी ती दलदल पुस्तकात वाचली, आणि इकडे दलदल उपसून शेतं केली. १९१३ पर्यंत संपलीच. तिथे आता मका आहे. माझा आयडी तिथूनच आलाय असं समजा. अलीकडे थोडा भाग पुन्हा ओला केलाय, बगळे येतात.

चर्चिलचं शेवटचं सांगून टाकतो. १९१७ मध्ये शेवटची कादंबरी, मग कादंबऱ्या लिहिणं बंद. आजारलाही होता. नंतर चित्रं काढत, बागकाम करत ३० वर्षं जगला. १९४७ साली फ्लॉरिडात वारला. चित्रं दुसरा चर्चिलही काढायचा, इथेही पाठ सोडली नाही.

चिंचोका

'ब्रूस्टर्स' वाचायला घेतलीय. विमानतळावरच. उशीर झालंय विमानाला, चालू द्या.

पाटकरी

@मक्याचं कणीस, एक विनंती. संगणकावरच्या प्रतीत चित्रे नव्हती. तुमच्या छापील प्रतीत कालव्याच्या तोंडाचे, त्या कापाचे एखादे चित्र आहे का? असल्यास फोटो टाकावा. दार कसे दाखवले आहे ते पाहायचे आहे.

मक्याचं कणीस

काका, पुस्तक आत्ता मांडीवर घेऊन बसलोय, एकेक पान जपून उलटलं. माझ्या प्रतीत जी चित्रं शिल्लक आहेत त्यांत बार्बरा आहे, बार्बरा आणि घोडा आहे, घोड्यावर बार्बरा आहे. दार नाही.